खुंटी, चावी आणि पिकअप : अर्धपोकळ गिटारच्या सुट्या भागांचा इतिहास आणि चिखलीची यंत्रविद्या

वाद्यांचा इतिहास बहुधा वादकांच्या नावांनी लिहिला जातो आणि क्वचित ती घडवणाऱ्या सुतारांच्या नावांनी. परंतु वाद्याला लागणारा स्क्रू, दातेरी चक्र, चुंबक आणि गुंडाळलेली तार ज्यांच्या हातून निघाली त्या टर्नर, फिटर आणि डायमेकर मंडळींची नोंद त्यात फारशी आढळत नाही. विद्युत् गिटारच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण हे वाद्य सुताराइतकेच यंत्रशाळेचेही आहे. त्यातही जिला सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ गिटार म्हणतात, तिच्यात हे दोन्ही वारसे एकत्र नांदतात. बाहेरून ती पोकळ पेटीच्या, कमानदार पाठपोटाच्या जुन्या गिटारसारखी दिसते आणि तिच्या वरच्या फळीला इंग्रजी एफ या अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात. आत मात्र मानेपासून तळापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा गेलेला असतो आणि तारांचा ताण मुख्यतः तोच पेलतो. या गिटारचे दोन भाग वादक सर्वांत आधी बदलतात. पहिला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे चुंबक आणि वेटोळे. दुसरा ट्यूनर, ज्याला आपल्याकडचे वादक चावी म्हणतात आणि जो फिरवल्याने तार चढते किंवा उतरते. हे भाग बदलण्याची रीत कशी पडली, तिच्यामागे कोणती कारागिरी उभी होती आणि चिखलीसारख्या औद्योगिक गावाचा तिच्याशी काय संबंध पोहोचतो, याचा शोध येथे घेतला आहे.

इंद्रायणीकाठची चिखली १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. त्यापूर्वी शतकानुशतके ती देहू आणि आळंदी यांच्या दरम्यानच्या वारकरी मुलखातले शेतीचे गाव होती. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांत चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी आणि चाकणचे संताजी जगनाडे ही नावे परंपरेने सांगितली जातात, म्हणजे आज ज्या पट्ट्याला वाहनउद्योगाचा पट्टा म्हणून ओळखतात त्याच्या दोन्ही टोकांना भजनाची परंपरा कारखान्यांच्या तीनशे वर्षे आधीपासून रुजलेली होती. त्या भजनातली वीणा हे या परिसराचे मूळ तंतुवाद्य, आणि तिची चावी म्हणजे लाकडी खुंटी. शंकूच्या आकाराची ही खुंटी तितक्याच निमुळत्या छिद्रात दाबून बसवलेली असते आणि केवळ घर्षणाच्या बळावर तार धरून ठेवते. पावसाळ्यात लाकूड फुगले की ती आवळते, उन्हाळ्यात आटले की सुटते, आणि घसरू लागली की तिला खडू लावून पुन्हा दाबावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाभोवतीची कामे बदलली. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६६ पासून टेल्कोने पुण्याच्या या बाजूला आपला कारखाना उभारायला घेतला, ज्याचा मोटारींचा विभाग पुढे चिखलीच्या हद्दीत आला. टेल्कोच्या पुणे प्रकल्पाचे वेगळेपण असे, की वाहनांइतकाच भर तेथे वाहने घडवणारी हत्यारे, साचे आणि डाय घडवण्यावर दिला गेला. मोठ्या कारखान्याला लागणारे सुटे भाग पुरवण्यासाठी भोसरी, तळवडे, चिखली आणि कुदळवाडी या भागांत लेथ, मिलिंग, दाबओतकाम, मुलामा आणि वाइंडिंग अशी कामे करणारे शेकडो लहान शॉप निघाले. येथे ‘जॉब’ हा शब्द नोकरीसाठी नव्हे, यंत्रावर चढवलेल्या तुकड्यासाठी वापरला जातो. चावीचे दातेरी चक्र किंवा पिकअपचे वेटोळे हे या भाषेत जॉबच आहेत, आणि या पट्ट्यातल्या कारागिराला त्यांत अनोळखी वाटावे असे काही नाही.

ही गोष्ट नीट कळण्यासाठी महाराष्ट्रातच वाद्ये आणि धातुकाम यांचा मेळ याआधी कोठे बसला होता ते पाहणे आवश्यक ठरते, आणि तो दाखला मिरजेचा आहे. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब यांच्यापासून सांगितली जाते. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम मंदावले, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गायक-वादक मिरजेत येऊ लागले, आणि त्यांच्या दुरुस्तीला आलेल्या वाद्यांवर शिकलगारांचे हात बसले. पंढरपूर-मंगळवेढा भागातला मोठा कडू भोपळा, तून जातीचे लाकूड आणि कानस चालवण्याची पिढीजात सवय यांतून तंबोरा आणि सतार घडू लागली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांचे १९३७ साली निधन झाले आणि ज्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, ते स्वतः वाद्यदुरुस्तीत जाणकार होते. अशा गायकांच्या कानाखाली मिरजेची जवारी घडत गेली. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा, ज्या रुंद पट्टीवरून तारा जातात तिचा, वरचा पृष्ठभाग कानशीने असा उतरता करणे, की कंप पावणारी तार त्याला हलकेच घासत राहील आणि तिच्यातून स्वरांचा झंकार उमटेल. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून तो झंकार जागच्या जागी आणला जातो, आणि तारेत ओवलेला मणी पुढेमागे सरकवून खुंटीला न साधणारा बारीक सूर मिळवला जातो. मार्च २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेच्या पद्धतीचे एक लक्षण पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथील प्रत्येक भाग त्याच एका वाद्यासाठी घडलेला असतो. एका तंबोऱ्याची खुंटी दुसऱ्याच्या छिद्रात नेमकी बसत नाही, आणि जवारी बिघडली तर ती बदलण्याऐवजी पुन्हा घासून ‘खोलली’ जाते. भाग बदलून वाद्य सुधारायचे, ही कल्पना तेथे उगवू शकत नव्हती, कारण तिच्यासाठी सगळीकडे एकाच मापाचे भाग निघावे लागतात, आणि ते यंत्रशाळेतच निघतात.

विद्युत् गिटारचा जन्म अशाच यंत्रशाळेत झाला. लॉस एंजेलिसमध्ये टूल आणि डाय बनवणारा, मूळचा स्वित्झर्लंडचा ॲडॉल्फ रिकेनबॅकर हा नॅशनल नावाच्या गिटार कंपनीसाठी धातूची अंगे ठोकून देत असे, आणि त्या कंपनीशी संबंधित असलेला जॉर्ज बीचम हा हवाईयन गिटार वाजवणारा वादक आवाज मोठा करण्याच्या ध्यासात होता. बीचमने पहिल्या प्रयोगांतले वेटोळे कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटरवर गुंडाळले असे सांगतात. दोघांनी मिळून १९३२ साली ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांड्याची गिटार बाजारात आणली, जिला तिच्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले. तिच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची दोन चुंबके तारांना वरून-खालून कवेत घेत. या रचनेचे पेटंट १९३७ साली मंजूर झाले. तत्त्व फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले होते : चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की क्षेत्र डळमळते, आणि त्या डळमळण्याने शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात तेवढ्याच कंपनसंख्येचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. म्हणूनच पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो पोलादाची हालचाल टिपतो. रिकेनबॅकरसारखा डायमेकर आणि बीचमसारखा वादक यांची ही जोडी मिरजेच्या शिकलगार आणि गायक यांच्या जोडीची आठवण करून देते, आणि हे साम्य वरवरचे नाही.

पिकअप पोकळ गिटारवर चढला तेव्हा अडचण सुरू झाली. गिब्सन कंपनीने मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे १९३६ साली ईएस-१५० ही पोकळ विद्युत् गिटार काढली आणि चार्ली ख्रिश्चनने ती जॅझच्या वाद्यवृंदात पुढच्या रांगेत आणून बसवली. परंतु ध्वनिवर्धकाचा आवाज मोठा केला, की तो पोकळ पेटीवर आदळून फळी थरथरवी, फळी तारेला हलवी, तार पुन्हा पिकअपला आणि पिकअप पुन्हा ध्वनिवर्धकाला. या फेऱ्यातून कर्कश शीळ निघे. सभागृहात तंबोऱ्यासमोर मायक्रोफोन ठेवणाऱ्या आपल्याकडच्या ध्वनितंत्रज्ञांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी चार इंच चौरस जाडीचा लाकडी ओंडका घेतला, त्यावर पिकअप आणि तारा बसवल्या आणि दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे-अर्धे अंग केवळ दिसण्यासाठी जोडले. त्या ओंडक्याची कल्पना सुधारून, टेड मॅकार्टी गिब्सनचा प्रमुख असताना, १९५८ साली ईएस-३३५ बाहेर पडली : सोळा इंच रुंद, पातळ, पातळ थरांच्या चिकटवलेल्या मेपलची पेटी आणि मधोमध मेपलचा ठोकळा. पोकळ गिटारची ऊब आणि भरीव गिटारचा शांतपणा यांचा तोल तिने साधला, आणि आजच्या बहुतेक अर्धपोकळ गिटारी तिच्याच वंशातल्या आहेत.

तिच्यावरचे पिकअप हा या इतिहासाचा मध्यवर्ती भाग आहे. एका वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो, जी अमेरिकेत ६० आणि भारतात ५० आवर्तनांची असते. सेथ लोव्हर या तंत्रज्ञाने, ज्याचा पाया रेडिओ आणि नौदलातील इलेक्ट्रॉनिक्समध्ये घातला गेला होता, शेजारी-शेजारी दोन वेटोळी ठेवली आणि दुसऱ्यात चुंबकाचा ध्रुव तसेच प्रवाहाची दिशा दोन्ही उलट केली. त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होते आणि तारेचा संकेत मात्र दुणावतो. या रचनेला हमबकर म्हणतात. लोव्हरने पेटंटचा अर्ज जून १९५५ मध्ये केला, १९५७ पासून हे पिकअप गिटारवर बसू लागले आणि पेटंट जुलै १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी पट्टी चिकटवलेली असे, जी पेटंट मिळाल्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. पुढच्या पट्टीवर क्रमांक छापला गेला तो लोव्हरच्या शोधाचा नव्हता, लेस पॉलच्या तारदानीच्या पेटंटचा होता.

त्या पिकअपची कारागिरी आकड्यांत पाहिली तर चिखलीच्या वाइंडिंग करणाऱ्याला ती लगेच उमगेल. केसाच्या जाडीची, सुमारे ०.०६ मिलिमीटर व्यासाची, वार्निश चढवलेली तांब्याची तार प्रत्येक वेटोळ्यावर सुमारे ५,००० फेरे गुंडाळली जाते; एक फेरा साधारण साडेतेरा सेंटिमीटरचा धरला, तर दोन्ही वेटोळ्यांची मिळून तार सव्वा किलोमीटरहून लांब होते आणि तिचा रोध सात-आठ हजार ओहम भरतो. फेरे वाढले की आवाज मोठा होतो, पण वरचे तीक्ष्ण स्वर मंदावतात. जुन्या यंत्रांवर वेटोळे कधी थांबवायचे हे बहुतांशी चालवणाऱ्याच्या नजरेवर होते, आणि ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूची, अल्निको नावाची चुंबकेही हाताला येतील त्या प्रतीची बसत. म्हणून त्या काळातला एक पिकअप दुसऱ्यासारखा वाजत नाही. आज त्याच पिकअपांना संग्राहक अवाच्या सवा किंमत देतात. कामातला ढिलेपणा काळाच्या ओघात गुण ठरला, ही गोष्ट मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्या किमतीतला मोठा वाटा आवाजाचा नसून दुर्मीळपणाचा आहे.

चावीची कथा याहून जुनी आहे. व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिटारला दातेरी चाव्या लावत असे, आणि त्याच्या घराण्याची विद्या घेऊन सी. एफ. मार्टिन १८३३ साली अमेरिकेत गेला. दातेरी चावीत एक मळसूत्री दांडा असतो, जो बोटांनी फिरवायचा, आणि त्याच्याशी काटकोनात गुंतलेले पितळी दातेरी चक्र असते, ज्याला तार गुंडाळण्याचा खांब जोडलेला असतो. या जोडणीला अभियांत्रिकीत वर्म गिअर म्हणतात, आणि तिचा गुण असा, की दांडा चक्राला फिरवू शकतो पण चक्र दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणजे तारेचा ताण कितीही असो, चावी आपणहून उलटी सुटत नाही. खुंटीच्या घर्षणाचे काम येथे भूमितीने केले आहे. चावीवर चौदास एक असे प्रमाण असेल, तर बोटांनी चौदा फेरे दिल्यावर खांब एकदा फिरतो. सहा मिलिमीटर जाडीच्या खांबावर एका फेऱ्यात जवळपास एकोणीस मिलिमीटर तार गुंडाळली जाते, म्हणून बोटांच्या एका फेऱ्याला सव्वा ते दीड मिलिमीटर तार ओढली जाते, आणि प्रमाण अठरास एक केले तर हाच आकडा एक मिलिमीटरवर येतो. बारीक सूर लावणे सोपे होते ते एवढ्याशा फरकाने, आणि मण्याने मिरजेत साधले जाते तेही हेच.

गिब्सनच्या अर्धपोकळ गिटारांवर शिकागोच्या क्लुसन कंपनीच्या, पत्र्याच्या आवरणाच्या चाव्या येत. त्यांची प्लास्टिकची फिकट हिरवट-पांढरी बटणे काही दशकांत आकसून भुगा होतात, आणि बदलाची पहिली गरज बहुधा तेथेच निर्माण झाली. ग्रोव्हरच्या जड, बंदिस्त चाव्या हा पहिला लोकप्रिय पर्याय ठरला. जर्मनीत हेल्मुट शालरने १९६० च्या दशकात दाबओतकामाच्या आवरणात पूर्ण बंद केलेली चावी काढली, ज्यात वंगण आतच राहते आणि धूळ शिरत नाही. पुढे अमेरिकेत स्पर्झेलने खांबातच तार आवळून धरणारी चावी लोकप्रिय केली. पिकअपच्या बाबतीत हीच वाट लॅरी डिमार्झियोने १९७२ साली मोकळी केली. त्याचा सिरॅमिक चुंबकाचा, जोरकस पिकअप कोणत्याही हमबकरच्या जागी बसेल अशा मापाचा होता, आणि १९७६ साली सेमूर डंकननेही कंपनी काढली. तोवर गिटार कारखान्यातून जशी येई तशी वाजत होती. त्यानंतर ती मालकाच्या हाती पुरी होऊ लागली. तथापि जोरकस पिकअपची ही लाट अर्धपोकळ गिटारला फारशी मानवली नाही. भरीव गिटारवर उपकारक ठरणारा जोर या पेटीत शीळ लवकर आणतो, आणि बी. बी. किंगच्या नावाने १९८० साली निघालेल्या गिब्सनमधून एफ-छिद्रे मुद्दाम गाळली गेली ती याच शिळेमुळे. अर्धपोकळ अंगाला मध्यम फेऱ्यांचा, मेणात बुडवून आतले वेटोळे स्थिर केलेला पिकअपच शोभतो, हे या साऱ्या अनुभवाचे सार आहे.

भारतात हे वाद्य आले ते प्रथम हवाईयन रूपात. १९४० च्या दशकात हवाईचा वादक ताऊ मो कोलकात्यात राहिला होता, आणि मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवण्याची ती गिटार हिंदी चित्रपटसंगीतात आणि घरगुती मैफलींत पसरली. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी कमानदार पोकळ गिटारला चिकारीसारख्या तारा जोडून तिच्यावर रागसंगीत मांडले, आणि विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेत तीन वाजत्या, पाच साथीच्या आणि बारा तरफेच्या अशा वीस तारा ओढल्या, ज्यांतील तरफांसाठी मानेच्या कडेला चाव्यांची वेगळी पट्टी बसवावी लागली. विदेशी वाद्यात भाग वाढवून ते आपलेसे करणारी ही माणसे म्हणजे येथील ‘अपग्रेड’चे आद्य पुरुष होत, आणि त्यांचे काम पाश्चात्त्य बदलीबाजारापेक्षा अधिक मूलगामी होते, असे निःसंकोच म्हणता येते. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत विद्युत् गिटार १९६० च्या दशकात रुळली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटातील भूपिंदर सिंग यांची गिटार सर्वश्रुत आहे. १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या पेढीमुळे मुंबईच्या धोबी तलावाला वाद्ये मिळत, परंतु आयात परवाना आणि जकात यांमुळे परदेशी विद्युत् गिटार सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरच राहिली, आणि तो कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी वाद्यांवर भागवी. १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने आणि एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधने उठल्यावर कोरिया, चीन आणि इंडोनेशियात बनलेल्या अर्धपोकळ गिटारी पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसू लागल्या. यांचे लाकूडकाम आणि फ्रेटकाम बहुधा चांगले, पण किंमत राखण्यासाठी पिकअप आणि चाव्या साध्या असतात; साहजिकच भाग बदलण्याची रीत येथे आली ती या गिटारींबरोबर. पुण्यात २०१० साली एनएच-७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव सुरू झाला आणि शहराच्या परिसरात विद्युत् गिटार वाजवणाऱ्या तरुणांना एक मोठे व्यासपीठ मिळाले.

प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहिले, की अर्धपोकळ गिटार दुरुस्तीवाल्यांना का जड जाते हे कळते. भरीव गिटारच्या पाठीला स्क्रूची झाकणी असते. ईएस-३३५ च्या घडणीत ती नसते. आवाजाचे दोन आणि नादाचे दोन असे चार पोटेन्शिओमीटर, निवडीचा खटका आणि जॅक हे सारे एफ-छिद्रातून किंवा पिकअपच्या खाचेतून आत घालावे लागते आणि तसेच बाहेर काढावे लागते. जाणता कारागीर भाग सैल करण्यापूर्वी प्रत्येक दांड्याला दोरा बांधतो, म्हणजे भाग आत पडला तरी त्याची वाट हातात राहते. बाहेर, पुठ्ठ्यावर छिद्रांची हुबेहूब जागा आखून तो नवी जोडणी करतो, ५०० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर झाळतो, पिकअपच्या खांबांवर स्क्रूड्रायव्हर हलकेच आपटून प्रत्येक वेटोळे जिवंत असल्याची खात्री करतो, आणि मगच दोऱ्याने एकेक दांडा आपल्या छिद्रात ओढून घेतो. पूर्ण मापाचा पोटेन्शिओमीटर २४ मिलिमीटर रुंद असतो, तर स्वस्त गिटारांत बहुधा १६ मिलिमीटरचा. मोठा भाग छिद्रातून जात नाही म्हणून छिद्र कोरणारा माणूस वाद्याचे कायमचे नुकसान करतो.

चाव्यांचे काम त्यामानाने सोपे, पण फसवे आहे. जुन्या घडणीच्या चावीच्या बुशला, म्हणजे खांबाभोवतीच्या धातूच्या कड्याला, साधारण पावणेनऊ मिलिमीटरचे छिद्र लागते आणि आधुनिक बंदिस्त चावीला दहा मिलिमीटरचे. जुन्या गिटारवर नव्या चाव्या चढवताना रीमरने छिद्र मोठे केले, की मूळ चावी पुन्हा नीट बसत नाही. कितीतरी जुन्या गिटारींची डोकी अशी कायमची बदलली गेली आहेत. शिवाय सूर उतरण्याचा दोष दर वेळी चावीचा नसतोच. या घाटाच्या गिटारींत तिसरी आणि चौथी तार नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी, कोन करून वळते, खाच अरुंद असली की तेथे अडकते आणि चावी फिरवल्यावर थोड्या वेळाने एकदम सुटते. वादक चावीला दोष देतो आणि महागडी जोडी विकत घेतो, जिथे बारीक कानशीचे दोन हात पुरले असते. खाच घासून स्वर मोकळा करणारा कारागीर आणि जवारी खोलणारा मिरजेचा कारागीर यांची विद्या एकच आहे, आणि ती कोणत्याही पाकिटात विकत मिळत नाही.

मिरजेची सतार आणि गिटारची यंत्रविद्या यांच्यातील देवाणघेवाण आता एका बाजूने सुरू झालेली आहे : प्रवासासाठी केलेल्या लहान सतारींना खुंटीऐवजी गिटारच्या दातेरी चाव्या बसवल्या जातात आणि पोकळ भोपळ्याच्या जागी पिकअप लावून वाद्य थेट ध्वनिवर्धकाला जोडले जाते. त्यांतले नामांकित भाग मात्र बहुतांशी बाहेरच्या देशांतून येतात. जस्ताच्या मिश्रधातूचे दाबओतकाम, पितळेचे दाते कापणे, निकेलचा मुलामा, बारीक तारेचे वाइंडिंग ही चारही कामे ज्या पट्ट्यात रोज होतात, तेथे गिटारची चावी आयात व्हावी याचे कारण कौशल्याचा अभाव हे नाही. वादक आणि फिटर एका टेबलाशी बसलेले नाहीत, हे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील हजारो बांधकामे पाडली, त्यांत भंगाराच्या गोदामांबरोबर लघुउद्योगांच्या शेडही गेल्या. अशा शॉपमधली हातची विद्या विखुरली तर ती पुन्हा एकत्र येणे अवघड असते, आणि म्हणून हा प्रश्न केवळ गिटारवाल्यांचा राहत नाही. दुसरीकडे चिखलीतच तुकाराम महाराजांच्या नावाच्या संतपीठात मुले संगीत शिकत आहेत, म्हणजे कानही गावात आहेत आणि हातही.

सुरुवात लहान कामाने करता येईल. दहा मिलिमीटरच्या छिद्रात जुन्या मापाची चावी पुन्हा बसवणारे पितळी रूपांतर-बुश हा चावीच्या साऱ्या भागांत सर्वांत साधा जॉब आहे : बाहेरून दहा मिलिमीटर, आतून खांबाच्या मापाचे, वर एक पातळ कड. चिखलीच्या कोणत्याही शॉपमधल्या लेथवर ते कातता येते, आणि रीमर लागून बिघडलेल्या जुन्या गिटारी पुण्यात आणि मुंबईत त्याची वाट पाहत आहेत. ज्यांच्याकडे अशी गिटार आहे त्यांनी काढलेल्या मूळ चाव्या आणि पिकअप फेकू नयेत, तारखेची चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटीतच ठेवावेत, आणि माप घेऊन जवळच्या टर्नरकडे जावे.